हेमसिंग नायकाच्या जीपचं कुलूप

“चिखल सरला का सोडून देजो.”

निजामुद्दीन मिस्त्रीचं हे बोलणं जऊळक्यापासून किन्हीराजापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. दुकानातून गाडी निघाली की तो फडक्याला हात पुसत दारापर्यंत यायचा आणि गाडीवाल्याला हे एवढंच सांगायचा. ऐकणाऱ्याने मान हलवली तरी त्याचं समाधान व्हायचं नाही. “काय सांगतलं मी?” असं विचारून तो ते त्याच्या तोंडून परत वदवून घ्यायचा. मगच बाजूला व्हायचा. लोक हसायचे. त्यालाही ते ठाऊक होतं.

सांगायचा तो सगळ्यांनाच, पण हे बोलणं साऱ्या मुलखात खरं तर एकाच जीपसाठी होतं. बाकीच्या गाड्यांना सोडण्यासारखं काही नव्हतंच.

जऊळक्याच्या स्टेशनाजवळ, कापसाच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या मैदानाच्या कडेला त्याचं टिनाचं दुकान होतं. अंगाने वाळका, दाढी आखूड, उजव्या हाताचं एक बोट जिनिंगच्या पट्ट्यात जाऊन वाकडं झालेलं. लढाईच्या काळात तो जबलपूरकडे लष्करी गाड्या दुरुस्त करायला होता. लढाई संपली तसा माघारी आला, मेहरबीशी लग्न केलं, आणि आधी जिनिंगमध्ये, मग स्वतःच्या दुकानात कामाला लागला. विहिरीवरचं इंजिन, शिवणयंत्र, सायकल, जात्याचा खुंटा, जे येईल ते तो हातात घ्यायचा. घेताना आधी वस्तूशी थोडा वेळ गप्प बसायचा. मेहरबी म्हणायची, “लोखंडाले बोलू देते हा मानूस. मले बोलू देत नाई.”

किन्हीराजाच्या वरच्या अंगाला हेमसिंग नायकाचा तांडा होता. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका, आणि तांडा कुठल्याच रस्त्यावर नव्हता. खाली खडीची सडक, तिथून वर काळ्या रानातली गाडवाट. उन्हाळ्यात ही वाट भाकरीसारखी कडक. पाऊस पडला की तीच वाट माणसाची वहाण मागून घ्यायची आणि परत द्यायची नाही. हेमसिंगच्या वाडवडिलांनी पाठीवर माल लादलेले लदणीचे बैल हाकत मुलूख पालथा घातला होता. त्या रक्ताचा माणूस घरी बसून राहणारा नव्हे. लष्कराच्या जुन्या जिपा लिलावात निघाल्या तेव्हा त्याने एक आणली. पुढच्या चाकांचा जोर कुणीतरी आधीच काढून टाकलेला होता, त्यामुळे ती फक्त मागच्या चाकांवर चालायची. पण तांड्याच्या दारात मोटार उभी राहिली, हे काही लहान नव्हतं. बाया तिला ओवाळायला आल्या. ती चालवायला देवला शिकला. देवला तांड्यातला चांगला गाडीवान, बैलाच्या कानावरून त्याचं मन ओळखणारा. तो म्हणाला, हिला कान नाहीत, एवढीच अडचण आहे.

पहिल्याच पावसाळ्यात हेमसिंगच्या धाकट्या भावाला, किसनसिंगला, पोटात कळा सुटल्या. निजामुद्दीन त्या दिवशी जीपच्या कामासाठी तांड्यावरच आलेला होता. किसनसिंगला मागे निजवलं, देवला बसला, निजामुद्दीन त्याच्या शेजारी. गाडवाटेवरच्या आंब्याच्या उतारावर जीप चिखलात बसली. देवलाने जोर दिला तसं डावं चाक गरागरा फिरून चिखल उडवायला लागलं, आणि उजवं चाक नुसतं उभं. माणसांनी ढकललं, दगड टाकले, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकल्या. एक चाक फिरत राहिलं, दुसरं बघत राहिलं. त्या आवाजातच किसनसिंगचं कण्हणं थांबलं. कधी थांबलं ते इंजिन बंद केल्यावर कळलं.

निजामुद्दीन खाली उतरला होता. त्याने वाकून डाव्या चाकाला हात लावला, ते पोळत होतं. मग उजव्याला लावला. ते थंड होतं. तो हात त्याने कितीतरी वेळ तिथून काढला नाही.

त्याचं दुखणं लोकांना पुढे त्याच्याच तोंडून समजलं. गाडीच्या मागच्या आसाच्या मधोमध एक लोखंडी भोपळा असतो. त्यातली चाकं इंजिनाचा जोर दोन्ही बाजूंना वाटून देतात. वळणावर आतलं चाक कमी फिरावं आणि बाहेरचं जास्त, यासाठी ती सोय असते. पण त्या वाटपात एक खोड आहे. जे चाक घसरतं त्यालाच सगळं फिरणं मिळतं, आणि जे घट्ट जमिनीवर आहे ते उपाशी राहतं. निजामुद्दीनला ही गोष्ट जबलपुरातच कळलेली होती. तिच्यापायी माणूस जातो, हे त्याने आंब्याच्या उतारावर पाहिलं.

तो सबंध हिवाळा त्याने त्या भोपळ्यावर घातला. जिनिंगच्या भंगारातून एक मोडकं दातेरी चाक आणलं, तापवलं, घासलं, आसावर सरकणारं कडं बनवलं. कडं सरकलं की त्याचे दात आत अडकत आणि दोन्ही चाकं एकजीव होत. मग एक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागे. कड्याला एक लांब गज जोडून तो वर देवलाच्या हाताशी आणला आणि त्याला दांडा बसवला. दांडा पुढे लोटला की कुलूप लागलं, मागे ओढला की सुटलं. दांड्याच्या डोक्याला त्याने एक भोक पाडून पितळेची कडी घातली. तिचं काही काम नव्हतं. शोभेला होती ती.

देवलाला त्याने बैलांच्या भाषेत समजावलं.

“एका जुवाले दोन बैल. वळताना आतला बैल काय करते?”

“पाय आखडते, उस्ताद.”

“अन् भाईरचा?”

“लांब टाकते.”

“हे कुलूप लावलं का दोघाचे पाय एका दोरानं बांधले समज. चिखलात बरं. एक फसला तं दुसरा त्याले घेऊन निंगते. पन कडक सडकीवर अन् वळनावर? दोघंई आखडत नाईत, दोघंई सरके नाकासमोर जाते. गाडी तुह्यं आयकत नाई. म्हून चिखल सरला का सोडून देजो. काय सांगतलं मी?”

“चिखल सरला का सोडून देजो.”

पुढच्या पावसाळ्यात जीप आंब्याच्या उतारावरून अशी वर आली की आंब्याखाली उभी माणसं एकमेकांकडे पाहत राहिली. दोन्ही चाकं सोबत, सावकाश, चिखल कापत. त्यानंतर तिने किती माणसं खाली नेली आणि किती बरी करून वर आणली, तांड्याला आठवत नाही. सापाने डसलेले नेले, हिवतापाचे नेले. निजामुद्दीन तांड्यावर आला की हेमसिंग त्याला बाजेवर उशाकडे बसवायचा. देवलाची बायको रामीबाई पाण्याचा गडू पुढे करताना टोमणा मारायची.

“मिस्त्री, तुमचं ते बोलनं यानं घरात आनलं. भाकर वाढाले उशीर झाला का म्हनते, चिखल सरला का सोडून देजो. भाकरीचा अन् चिखलाचा काय संमंध?”

“झोपीतई म्हनतो मी,” देवला हसून म्हणायचा.

“झोपीत घोरते. म्हनत काई नाई.”

निजामुद्दीन हसायचा नाही, पण वाकडं बोट मिशीवरून फिरवायचा. तो त्याचा आनंद होता.

मग ती खांडेनवमी आली.

त्या वर्षी पाऊस नवरात्रातही थांबला नव्हता. खांडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ धुऊन पुसून एका ओळीत मांडतात, हळदीकुंकू लावतात, हळदीत भिजवलेलं सूत बांधतात. बांधलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी हलवत नाही. आपल्यासाठी वर्षभर राबलेल्या लोखंडाला एक दिवसाची झोप, असं बाया सांगतात. निजामुद्दीनही त्या दिवशी दुकानाची भट्टी पेटवत नसे. त्याच्याकडे हत्यारं घेऊन येणारी सगळी माणसं या दिवसाला मानणारी. त्यांच्या लोखंडाला विसावा आणि आपल्याला नाही, हे त्याला बरं वाटत नसे.

हेमसिंगच्या बायकोने, रुपाबाईने, त्याला जेवायला बोलावलं होतं. जीप घरासमोर चिखलातच उभी होती. आदल्या दिवशी देवलाने ती चढवून आणली होती, आणि चिखलात उभी म्हणून कुलूप लावलेलंच होतं. रुपाबाई ताट घेऊन आली. तिने पुढच्या काचेखाली कुंकू लावलं, चाकांना लावलं, आणि सूत हातात घेऊन थांबली.

“मिस्त्री भौ, कुऱ्हाडीचं मले समजते. या गाडीत खरं हत्यार कोनतं? सूत कुठं बांधू?”

सगळ्यांची नजर स्टेरिंगकडे होती. देवलाने तर त्यावर हातही ठेवला होता. निजामुद्दीन पुढे झाला. मग त्याने बोट दाखवलं ते दांड्याकडे.

“हे, बाई. बाकी सगळं सरकारनं केलं. हे आपलं हाये.”

हेमसिंगने मान डोलावली. रुपाबाईने पितळेच्या कडीतून सूत ओवलं, दांड्याला वेढे दिले आणि टोक आसनाच्या लोखंडाला गाठ मारून बांधलं. त्या निरुपयोगी कडीला काम मिळालं होतं. दांडा पुढे लोटलेला होता, तो तसाच बांधला गेला. देवलाच्या ते ध्यानात आलं.

“उस्ताद, कुलूप लागेल हाये.”

“राहू दे. उद्यापरेंत गाडी कायले हालते.”

जेवण करून, रुपाबाईने बांधून दिलेली मेहरबीसाठीची शिदोरी घेऊन तो जऊळक्याला निघाला.

दुपार कलायच्या आत हेमसिंगची सून सोनीबाई अडली. तिचा नवरा रेल्वेच्या खडीच्या कामावर लांब गेलेला. पहिलं बाळंतपण, आणि दाईने हात टेकले. दाई म्हणाली, माझ्या हातचं राहिलं नाही, वाशीमला न्या. आता गाडीची झोप मोडायची की नाही, हा प्रश्न कुणी विचारला नाही. हेमसिंगने स्वतः काचेवरचा पूजेचा हार काढून देवघरात ठेवला आणि हात जोडले. सोनीबाईला मागे निजवलं, रुपाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, देवला पुढे. दांड्यावरचं सूत कुणी सोडलं नाही. सोडायची गरजही नव्हती; खाली सगळा चिखल होता आणि कुलूप लागलेलं होतं. आंब्याचा उतार जीप अलगद उतरली.

यापुढचं रुपाबाईनेच सांगितलेलं.

सडक लागली तसा देवलाने गाडीचा वेग मोडला आणि हात दांड्याकडे नेला. गाठ ओली होऊन घट्ट झालेली होती. त्याने कमरेचा चाकू काढला.

“काय करतं?” रुपाबाईने विचारलं.

“सूत कापतो, काकी. कुलूप सोडा लागते.”

“आज सूत कापतं? पोरगी अडली हाये माही. लेकरू वाटंवर हाये. आजच्या दिवशी बांधेल सूत कोनी कापते काय रे बापा?”

“उस्तादनं सांगतलं हाये.”

“उस्तादनंच दाखोलं ना बांधाले.”

देवलाने एकदा मागे पाहिलं. सोनीबाईचे डोळे वर गेलेले होते. त्याने चाकू परत ठेवला. नेहमीपेक्षा सावकाश नेऊ, असं तो स्वतःशीच म्हणाला, आणि थोडा वेळ त्याने खरंच सावकाश नेली. पण मागून सोनीबाईचा आवाज आला की त्याचा पाय आपोआप दाबला जायचा.

नाल्याच्या पुलाआधी सडक उतरते आणि डावीकडे वळते. देवलाने स्टेरिंग फिरवलं. पुढची चाकं वळली, मागच्या दोघांनी पाय आखडले नाहीत. खडीवरून ती दोघं सरळच गेली, गाडीला घेऊन. रुपाबाई म्हणायची, गाडी उलटताना तिला देवलाची पाठ दिसली, आणि तो हात दांड्याकडे नेत होता.

जीप नाल्याच्या काठावर कलली. बाया मागे फेकल्या गेल्या त्या गवतात. देवला गाडीखाली आला.

सोनीबाईचं बाळंतपण त्या गवतातच झालं. मुलगी झाली, आणि रडली. केनवडच्या बाजाराहून परतणारे गाडीवाले धावत आले, त्यांच्यात एक म्हातारी होती. तिने दगडावर चाकू धुतला. तो देवलाचाच होता. नाळ बांधायला दोरा मागितला. कुणाच्याच जवळ काही नव्हतं. मग रुपाबाई उठली, कललेल्या जीपमध्ये हात घालून तिने ते सूत ओढून तोडलं, आणि म्हातारीच्या हातात दिलं.

निजामुद्दीनला कळलं तेव्हा तो अनवाणीच निघाला. सायकल दारात होती, ती त्याला दिसली नाही. पोचला तेव्हा देवलाचं प्रेत तांड्याकडे नेलेलं होतं. त्याने जीपमध्ये वाकून पाहिलं. दांडा पुढे होता. कडी रिकामी होती. तो तिथेच, सडकेच्या कडेला, खडीच्या ढिगावर बसला.

त्याला कुणी बोल लावला नाही, आणि तेच त्याला सोसलं नाही. हेमसिंगने जीप दुरुस्तीला जऊळक्याला पाठवली, तेव्हा निजामुद्दीनने पत्रा ठोकला, आस सरळ केला, आणि आतलं कडं, गज, दांडा सगळं काढून घेतलं. तांड्याला जीप परत गेली ती तशीच, सरकारने बनवलेली. मेहरबी सांगायची की ते लोखंड त्याने टोपल्यात घालून दुकानाच्या मागे ठेवलं आणि वर पोतं टाकलं. दारापर्यंत जाऊन गाडीवाल्यांना निरोप देणंही त्याने बंद केलं. बसल्या जागेवरून हात वर करायचा फक्त.

पुढला पावसाळा आला. देवलाच्या म्हाताऱ्या बापाला, सोमलाला, ताप चढला. जीप आता हेमसिंगचा पुतण्या भाऊसिंग चालवायचा. आंब्याच्या उतारावर ती बसली. एक चाक फिरत राहिलं, दुसरं बघत राहिलं. शेवटी म्हाताऱ्याला बाजेवर घालून खांद्यावरून सडकेला नेलं. तो वाचला.

त्यानंतर काही दिवसांनी रामीबाई जऊळक्याला आली. पायी आली होती. लुगड्याचा काठ चिखलाने जड झालेला. दुकानासमोर येऊन उभी राहिली. निजामुद्दीनने तिला पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

“बस, बाई. मेहरबी, पानी आन.”

ती बसली नाही.

“सासऱ्याले बाजीवर नेलं आमी,” ती म्हणाली. “बाजीले खांदे लागते. पेरनीच्या दिवसात तांड्यात खांदे राहत नाईत, सगळे रानात. यावक्ती भेटले. दर बारीले भेटतीन का? ते कुलूप बसवून द्या.”

“माह्या हातानं आता ते होत नाई, बाई.”

“मंग कोनाच्या हातानं होते?”

त्याने खाली ठेवलेला पाना फडक्याने पुसला. मग खाली पाहत बोलला.

“त्या दिवशी रुपाबाईनं इचारलं, हत्यार कोनतं. सगळे स्टेरिंगकडं पाहून राह्यले होते. मी माह्यं दाखोलं. कुलूप लागेल हाये हे देवलानं सांगतलं मले. मी म्हनलो, राहू दे.”

“मले मालूम हाये.”

“कोनं सांगतलं?”

“त्यानंच. पूजा झाल्यावर घरी येऊन सांगतलं होतं, उस्तादनं आज आपलं हत्यार पुजून घेतलं म्हून. लय खूश होता.” तिने पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. “मालूम हाये म्हूनच तुमच्याकडं आली. दुसरा कोनी बसवन तं त्याले मालूम नसन.”

मेहरबी पाण्याचा गडू घेऊन दारात उभी होती. तिने तो रामीबाईच्या हातात दिला. रामीबाई पाणी प्याली आणि आल्या वाटेने निघाली.

निजामुद्दीनने पोतं उचललं. भट्टी पेटली. या वेळी तो भोपळ्यापाशी फार थांबला नाही. ते काम त्याला येत होतं. त्याचे दिवस गेले ते दांड्यात. जुना दांडा त्याने तोडला आणि नवा आखूड केला. डोक्याला भोक नाही, कडी नाही, नुसता गुळगुळीत गोळा. त्याला दोर घालायला गेलं तर दोर घसरून पडावा. आणि खाली विहिरीच्या इंजिनाची जाड स्प्रिंग बसवली. दांडा हाताने पुढे दाबून धरला तोवरच कुलूप लागलेलं. हात सुटला की दांडा आपोआप मागे. चिखलात गाडीवाल्याचा एक हात सबंध वेळ त्यावर अडकून राहणार होता. एका हाताने गाडी सांभाळणं कठीण, पण ते चालेल, असं त्याने ठरवलं.

तांड्यावर लिंबाखाली त्याने ते जीपला बसवलं. भाऊसिंगने जीप आंब्याच्या उतारावर नेली, चिखलात घातली, दांडा दाबून धरला. दोन्ही चाकं सोबत फिरली. जीप सावकाश वर आली. आंब्याखाली या वेळी फारसं कुणी नव्हतं. हेमसिंग, रुपाबाई, तिच्या कडेवर सोनीबाईची लेक कमली, आणि थोडी दूर रामीबाई. भाऊसिंगने हात काढला तसा दांडा खट्कन मागे आला. त्या आवाजाने कमली दचकली, मग हसली.

भाऊसिंग खाली उतरून निजामुद्दीनसमोर उभा राहिला. त्याला ते बोलणं लहानपणापासून पाठ होतं, आणि आता ते आपल्याला ऐकायला मिळणार म्हणून तो थांबला होता.

“सांगा न, उस्ताद.”

निजामुद्दीनने आपली हत्यारं पिशवीत भरली. पाना, हातोडा, कानस. पिशवीचं तोंड बांधलं.

“आता ते दांडा सांगन,” तो म्हणाला.

“बसा, जऊळक्यापरेंत सोडून देतो.”

“नाई. पाय हायेत.”

“चिखल हाये, मिस्त्री,” हेमसिंग म्हणाला.

त्याने वहाणा काढून हातात घेतल्या. रामीबाईपाशी आला तेव्हा जरा थबकला. पुढे होऊन तिने त्याच्या वाटेत आलेली बोराटीची काटेरी फांदी पायाने बाजूला सारली. तो उतार उतरायला लागला. एका पायाखालचा चिखल घट्ट होता, दुसऱ्याखालचा सैल. तो कधी या बाजूला कलायचा, कधी त्या. पिशवीतलं लोखंड वाजत होतं. हेमसिंग तांड्यात गेला, रुपाबाई लेकरू घेऊन गेली, भाऊसिंग जीप पुसायला लागला.

रामीबाई आंब्याखाली उभी राहिली. खाली सडक लागली तिथे तो वाकला, गवताला पाय पुसले, वहाणा घातल्या. मग तो जऊळक्याच्या बाजूला वळला. ज्वारी उंच झालेली होती. तिच्यावरून फक्त त्याची पांढरी टोपी जाताना दिसत होती, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत रामीबाई पाहत होती.